पुडी सगळ्यात शेवटी सापडते

आईने पर्समधून हातरुमाल काढला, गाठ सोडली आणि माझ्या टेबलावर ठेवला. आत गोगोचं अर्धं पाकीट होतं, म्हणजे गांजा भरून वळायचे ते पातळ कागद, आणि वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेला चिमूटभर हिरवट चुरा. मुलाच्या कंपासपेटीत सापडलेला. मुलगा नववीत. वडील खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते, केव्हाही उठून निघता यावं असे.

"संगत, मॅडम. दुसरं काही नाही. भंवरकुआकडच्या मोठ्या मुलांची संगत लागली. आमच्या घरात सुपारीचं खांडसुद्धा कोणी तोंडात टाकत नाही."

इंदूरमध्ये शाळांत समुपदेशनाचं काम करताना 'संगत' हा शब्द मी इतक्या वेळा ऐकला आहे की तो आता सुरुवातीच्या नमस्कारासारखा वाटतो. (हा मुलगा आणि हे घर म्हणजे कोणी एक नव्हे. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन घरांच्या गोष्टी मी एकत्र केल्या आहेत.) संगतीचं कारण खोटं नाही. नशेची पहिली पुडी बहुतेक वेळा मित्राच्याच हातून येते. पण शाळेबाहेरच्या गुमटीवरून, म्हणजे पानाच्या टपरीवरून, तर सगळा वर्ग रोज जातो. त्यातल्या दोघा-चौघांनाच तिथे थांबावंसं का वाटतं? बाकीच्यांना घरी जायची घाई का असते? संगतीपाशी थांबलं की हा प्रश्नच विचारला जात नाही. घरच्यांना पुडी सापडते तेव्हा ती गोष्टीची सुरुवात वाटते. मुलाच्या बाजूने पाहिलं तर तोवर निम्मी गोष्ट घडून गेलेली असते.

त्या निम्म्या गोष्टीचा शोध कसा लागला ते सांगते, कारण तो लागला भलत्याच दारातून.

1980च्या दशकात अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो शहरात, कैसर पर्मनेंटे या मोठ्या आरोग्यसंस्थेत डॉ. व्हिन्सेंट फेलिटी अतिलठ्ठ लोकांचं वजन उतरवण्याचं केंद्र चालवत होते. त्यांना एक कोडं सुटेना. ज्यांचं वजन भराभर उतरत होतं तेच लोक उपचार सोडून निघून जात होते. न जमणाऱ्याने सोडलं तर समजू शकतं, पण ज्यांना जमतंय त्यांनी का सोडावं? फेलिटींनी अशा लोकांना बोलावून सविस्तर विचारायला सुरुवात केली, तेव्हा अनेकांच्या बोलण्यात लहानपणी झालेला लैंगिक अत्याचार आला. या लोकांच्या दृष्टीने जाडी हा आजार नव्हता, ती आडोसा होती. वजन उतरलं, लोकांची नजर पुन्हा अंगावर पडू लागली, आणि ते घाबरले. डॉक्टर ज्याला समस्या समजत होते, तो त्या माणसाने स्वतःपुरता शोधलेला उपाय होता.

पुढे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रातले डॉ. रॉबर्ट अँडा त्यांच्यासोबत आले. 1995 ते 1997 या काळात त्यांनी 17,000 हून अधिक प्रौढांना त्यांच्या लहानपणाबद्दल प्रश्नावली दिली आणि उत्तरं त्यांच्या आजच्या तब्येतीशी ताडून पाहिली. पहिला निबंध 1998 मध्ये आला. बालपणातल्या प्रतिकूल अनुभवांचा हा अभ्यास इंग्रजी आद्याक्षरांवरून 'एसीई' म्हणून ओळखला जातो. सुरुवातीला अनुभवांचे सात प्रकार होते, नंतर ते दहा झाले. मारहाण. सततचा अपमान आणि धाक. लैंगिक अत्याचार. खाण्यापिण्याची, औषधपाण्याची आबाळ. मायेची आबाळ. हे पाच थेट मुलाच्या वाट्याला येणारे. उरलेले पाच मुलाच्या आजूबाजूला घडणारे: आईला होणारी मारहाण, घरातल्या कोणाचं व्यसन, कोणाचा मानसिक आजार, कोणी तुरुंगात असणं आणि आईवडिलांची फारकत.

जवळजवळ दोन-तृतीयांश लोकांनी यातला निदान एक प्रकार आपल्या लहानपणी होता असं सांगितलं. हे लोक कोणी रस्त्यावरचे नव्हते. नोकरदार, आरोग्यविमा असलेले, बरेचसे कॉलेज शिकलेले. आपल्याकडे सुदामानगरात किंवा राजेंद्रनगरात राहतात तसे. 'असलं काही आमच्यासारख्यांच्या घरी नसतं' हे वाक्य तिथेच निकालात निघालं, पण ते अजून इंदूरपर्यंत पोहोचलेलं नाही.

आता आकड्यांकडे येते. ते नीट वाचले नाहीत तर फायद्यापेक्षा घाबरवण्याचंच काम करतात. चार किंवा अधिक प्रकारचे अनुभव असलेल्या माणसाला दारूचं व्यसन लागण्याचा धोका 'सातपट' असतो, असं तुम्ही कुठे तरी वाचाल. तो आकडा 1998च्या त्याच निबंधातला आहे, मूळ आकडे मात्र असे आहेत. ज्यांच्या लहानपणी यातलं काहीच नव्हतं, अशा 100 जणांपैकी साधारण 3 जणांनी 'मला दारूचं व्यसन आहे किंवा होतं' असं सांगितलं. ज्यांच्या लहानपणी चार किंवा अधिक प्रकार होते, त्यांच्यात 16 जणांनी. (साध्या भागाकाराने ही पाचपटच होते. 'सातपट' हे व्यसन लागलेले आणि न लागलेले यांच्या गुणोत्तराचं, वय-शिक्षण वगैरे जमेस धरून काढलेलं उत्तर आहे.) तीनावरून सोळावर जाणं ही मोठीच उडी आहे आणि ती दुर्लक्ष करण्यासारखी नाही. पण उरलेले 84 कुठे गेले? त्यांना दारूचं व्यसन लागलं नाही. या चौऱ्यांशीकडे मी नंतर येणार आहे, कारण त्यातला एक माझ्या समोरच्या खुर्चीच्या कडेला बसला होता.

आत्महत्येच्या प्रयत्नाबाबतही उडी अशीच दिसली: शंभरात एकाच्या जरा वर, ते शंभरात अठरा. 2003 मध्ये त्याच अभ्यासावरून आलेल्या दुसऱ्या निबंधाने नशेचं वय तपासलं. प्रतिकूल अनुभवांचा एकेक प्रकार वाढत गेला, तशी लहान वयात नशा सुरू होण्याची शक्यता वाढत गेली. म्हणजे प्रश्न फक्त 'लागेल की नाही' इतकाच नसतो, 'केव्हा लागेल' हाही असतो. आणि वयाला इथे फार महत्त्व आहे.

का आहे, ते सांगायला मी पालकांपुढे पाण्याची मोटर ठेवते. आपल्याकडे बहुतेक वस्त्यांत नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. पाणी आलं की मोटर लावायची, टाकी भरली की बंद करायची. माणसाच्या शरीरातही अशी एक मोटर आहे. धोका दिसला की ती सुरू होते: अ‍ॅड्रेनॅलिन, मागोमाग कॉर्टिसॉल. छाती धडधडते, कान टवकारतात, पोटातलं पचन थांबतं, सगळी ताकद पळायला किंवा लढायला मिळते. परीक्षेच्या सकाळी ती थोडी सुरू व्हायलाच हवी. धोका टळला की ती बंदही व्हायला हवी. मोठ्या माणसाला हे बटण थोडंफार स्वतःचं स्वतः दाबता येतं. लहान मुलाला येत नाही. त्याच्यासाठी ते बटण म्हणजे कोणी तरी मोठं माणूस असतं, जे जवळ घेतं, पाठीवर हात फिरवतं, 'काही नाही झालं रे' म्हणतं.

आणि ज्या घरात गेटपाशी स्कूटरचा आवाज आला की त्या आवाजावरूनच 'आज बाबा कसे आहेत' हे ओळखावं लागतं, तिथे? मोटर रोज सुरू होते. बंद कोण करणार? ज्याने करायची त्याच्यामुळेच ती सुरू झालेली असते. हार्वर्ड विद्यापीठाच्या बालविकास केंद्राने अशा सतत चालू राहणाऱ्या ताणाला 'विषारी ताण' म्हटलं आहे. एखादं मोठं दुःख, अगदी जवळच्या माणसाचा मृत्यूसुद्धा, आधार असेल तर मूल पचवू शकतं. ताण रोज असेल आणि आधार कोणाचाच नसेल, तेव्हा तो शरीराच्या जडणघडणीत शिरतो.

असं मूल वर्गात कसं दिसतं? मागच्या बाकावर डबा पडला की दचकतं. बाईंचा चेहरा साधाच असतो, याला तो रागावलेला दिसतो. मारहाण सोसलेली मुलं चेहऱ्यावरचा राग इतरांपेक्षा लवकर टिपतात, हे प्रयोगांत दिसलं आहे. घरात ती हुशारीच होती, वर्गात तिचा त्रास होतो. झोप धड नाही, लक्ष लागत नाही. प्रगतिपुस्तकात शेरा येतो: 'चंचल. प्रयत्न कमी.' आणखी एक गोष्ट पालकांना पटायला वेळ लागतो, ती म्हणजे या वयातली उदासी बऱ्याचदा उदास दिसत नाही, चिडकी दिसते. दार आपटणं, ताट सरकवणं, उलट बोलणं. आपण त्याला वय म्हणतो आणि सोडून देतो. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयोगटातल्या 7.3 टक्के मुलामुलींना कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचं आढळलं. चाळिसाच्या वर्गात जवळजवळ तीन. ते तिघे कोण, हे वर्गशिक्षकांना विचारा. ते बहुतेक वेळा शेवटच्या बाकावरच्या खोडकरांची नावं सांगतील आणि भिंतीकडेच्या गप्प मुलीला विसरतील.

त्यात या वयाचा मेंदू. एकत्र कुटुंबात एखादा धाकटा काका असतो ना, रात्री अकराला 'चला, सराफ्यात खायला जाऊ' म्हणून चप्पल घालून उभा? आणि आजोबा, जे चष्मा शोधत विचारत असतात की सोबत कोण, परत कधी येणार, पोराची उद्या परीक्षा नाही का? मेंदूतला धाकटा काका, म्हणजे डोपामिनवर चालणारी, मजेच्या मागे धावणारी यंत्रणा, चौदा-पंधराव्या वर्षी ऐन भरात असते. आजोबा, म्हणजे कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, पुरते कामावर रुजू व्हायला पंचविशी उजाडते. सगळ्याच किशोरांच्या घरात काका पुढे आणि आजोबा मागे असतात, यात कोणाचा दोष नाही. पण जिथे ताणाची मोटर वर्षानुवर्षं चालू आहे, तिथे आजोबांची तब्येत आधीच नाजूक असते.

अशा मुलाच्या हाती एक दिवस कोणी तरी काही तरी देतं, आणि मोटर बंद होते. बहुधा आयुष्यात पहिल्यांदा. ज्याच्या अंगात ती कधी चालूच नव्हती, त्याला खोकला येतो, गरगरतं, तो म्हणतो 'छ्या, काय यात'. याला मात्र शांत वाटतं. टेबलावर रुमाल सोडणाऱ्या आईला मी हेच सांगायचा प्रयत्न करत होते. तुमच्या मुलाला चटक लागायच्या आधी आराम पडला होता.

तो आराम उसना असतो आणि व्याज जबर. तंबाखूचं गणित सगळ्यात सोपं आहे. सिगरेटने जो 'ताण उतरतो', त्यातला बराचसा निकोटीन न मिळाल्याने आलेला असतो. पुडीनेच लावलेली आग पुडीच विझवते, आणि मुलाला वाटतं पुडीच आपली तारणहार. 2019 च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात भारतातले 13 ते 15 वर्षांचे 8.5 टक्के विद्यार्थी तंबाखूचं काही ना काही सेवन करत होते. न जळणारा तंबाखू, म्हणजे खाण्याचा, गुटख्यासारखा, वापरणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तो दहावा वाढदिवस यायच्या आत तोंडात घातला होता. दहा वर्षांच्या पोराला कसली आली संगत?

गांजाबद्दल आपल्या माळव्यात एक सैलपणा आहे. शेजारी उज्जैनला भांगेची दुकानं सरकारी परवान्याने चालतात, शिवरात्रीला घोटा, म्हणजे घोटलेली भांग, घरातली मोठी माणसंही घेतात, त्यामुळे 'वनस्पतीच तर आहे' हे मुलांना पाठ असतं. मोठ्यांच्या घोट्याबद्दल मला इथे काही म्हणायचं नाही. पण न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात 1972-73 साली जन्मलेल्या हजारभर मुलांचा जन्मापासून पाठपुरावा झाला आहे, आणि त्यात पंधराव्या वर्षापर्यंत गांजा सुरू केलेल्यांमध्ये सव्विसाव्या वर्षी भ्रम-भासांच्या गंभीर आजाराची लक्षणं जास्त दिसली. उशिरा सुरू करणाऱ्यांत तितकी नाहीत. घरात कोणाला असा आजार असेल, तर हा जुगार आणखी वाईट.

आणि सोल्यूशन, व्हाइटनर, थिनर. स्वस्त, कुठेही मिळणारं, वास घेतल्या घेतल्या चढणारं आणि थोड्या वेळात उतरणारं, म्हणून पुन्हा पुन्हा घेतलं जाणारं. 2019 मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलेल्या, एम्सने केलेल्या राष्ट्रीय पाहणीत हा एकच प्रकार असा निघाला, ज्यात मुलांमधलं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त आहे. देशात साडेचार लाखांहून जास्त मुलांना यासाठी मदतीची गरज आहे, असा अंदाज त्यात दिला होता. ही वाफ हृदयाचे ठोके अचानक बिघडवू शकते, अगदी पहिल्या वेळीही. 'एकदा करून पाहिलं तर काय' याला इथे उत्तर आहे.

नववीतला तो मुलगा पहिल्या दोन भेटींत फारसं बोलला नाही. तिसऱ्या वेळी बोलला. आमच्या इथली मराठी मुलं घरात मराठी आणि बाहेर हिंदी बोलतात, आणि मनातलं सांगायची वेळ आली की बरीच जण हिंदीत सरकतात. मला वाटतं, रागावून घेतलेलं सगळं मराठीत असतं म्हणून. "वहाँ कोई कुछ पूछता नहीं, मॅम," तो म्हणाला. त्या टोळक्यात त्याला मार्क किती, दहावीनंतर कुठला क्लास, आणि तोंड असं का केलंस, हे कोणी विचारत नव्हतं. वडिलांनी सांगितलेली 'संगत' ही होती.

आता वडिलांकडे. हे गृहस्थ खरोखर निर्व्यसनी. चहासुद्धा दिवसातून एकदा. परदेशीपुऱ्यात, गिरणीकामगारांच्या चाळीत वाढलेले. त्यांचे वडील हुकुमचंद या कापडमिलमध्ये साच्यावर. 12 डिसेंबर 1991 ला मिल बंद पडली तेव्हा हे दहा वर्षांचे होते. त्या मिलच्या 5,895 कामगारांची देणी अडकली ती थेट डिसेंबर 2023 मध्ये, सुमारे 224 कोटी रुपयांच्या रूपाने सुटली. बत्तीस वर्षं. रकमेची बातमी झाली, त्याआधीच्या बत्तीस वर्षांत त्या चाळींतून काय काय घडलं त्याची कधीच होत नाही. या घरात असं घडलं की आजोबा दारूत बुडाले, आजीने मार खाल्ला, आणि दहा वर्षांच्या मुलाने ठरवलं की आपण या वाटेला जायचं नाही.

तो गेला नाही. तोच त्या चौऱ्यांशीतला एक. पण चौऱ्यांशीत असणं म्हणजे काही झालंच नाही असं नव्हे, आणि आकडेवारी इथे थोटी पडते. दारू या माणसाने घराबाहेर ठेवली. दारूसोबत येणारी भीती मात्र आत आली. मुलगा पाच मिनिटं उशिरा आला तर घरभर आवाज. कमी मार्क म्हणजे आठवडाभर अबोला. मुलगा बिघडू नये म्हणून इतका धाक, की मुलगा जिन्यावरच्या पावलांवरून वडिलांचा मूड ओळखायला शिकला. जसं त्यांनी स्वतः त्यांच्या वडिलांच्या पावलांवरून ओळखलं होतं.

अबोला मोजणारा रकाना त्या मूळ दहांत धड नाही. आणखीही बरंच नाही. आईवडिलांपैकी कोणाचा मृत्यू त्या यादीत नाही! 2021 च्या एप्रिल-मेमध्ये ज्या इंदूरच्या मुलांनी आई किंवा बाबा गमावले, ती आता ऐन किशोरवयात आहेत. दोघेही गेलेल्यांना मध्यप्रदेश सरकारने महिना 5,000 रुपयांची योजना केली, शिक्षणाची सोय केली, ते चांगलंच झालं. पण बऱ्याच घरांत त्या मुलांसमोर गेलेल्याचं नावही काढत नाहीत, 'त्याला त्रास होईल' म्हणून. गरिबी त्या यादीत नाही, जातीवरून ऐकावं लागणारं नाही, शाळेतली दादागिरी नाही. प्रश्न सॅन डिएगोच्या विमाधारकांसाठी बनवले होते, त्यामुळे हे स्वाभाविक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने नंतर तयार केलेल्या प्रश्नावलीत दादागिरी आणि वस्तीतली हिंसा आली आहे.

म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या 'तुमचा स्कोअर किती?' छाप चाचण्यांची मला चीड येते. एक तर लहानपण आठवून सांगणं आणि लहानपणीच नोंदवलेलं असणं, यात बरीच तफावत निघते, हे ड्युनेडिनसारख्या अभ्यासांनी दाखवलं आहे. दुसरं म्हणजे, एकदाच बसलेली थप्पड आणि सात वर्षांचा मार, दोन्हींना त्यात एकच गुण. स्वतः अँडांनी 2020 मध्ये लिहिलं की हा आकडा समूहासाठी आहे, एकेका माणसाचं भविष्य सांगायला किंवा उपचार ठरवायला तो वापरू नये. शाळांनी तर मुळीच नको. 'याचा स्कोअर पाच आहे' हे शिक्षकांच्या खोलीत गेलं की त्या मुलाला सहावा अनुभव मिळालाच म्हणून समजा.

मग चौऱ्यांशी वाचतात कसे? हवाई बेटांपैकी कवाई या बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशकं पाठपुरावा केला. गरिबी, घरातली भांडणं, व्यसन, आजार असं सगळं एकत्र वाट्याला आलेल्या मुलांपैकी साधारण एक-तृतीयांश मुलं धडधाकट, कामाधामाची, माणसांत रमणारी प्रौढ झाली. त्यांच्यात पुन्हा पुन्हा दिसलेली एक गोष्ट होती: आयुष्यात निदान एक भरवशाचं मोठं माणूस. आई किंवा बाबाच असं नाही. आजी, मावशी, शिक्षक, शेजारी, कोणीही. मला यात आपल्या वाड्यांची आठवण येते. वाड्यात मार खाणाऱ्या पोराला शेजारच्या काकूच्या स्वयंपाकघरात जागा असायची. फ्लॅटमध्ये ती सोय आपल्याला मुद्दाम करावी लागते.

त्या वडिलांना एका मित्राने नशामुक्ती केंद्र सुचवलं होतं. 'तीन महिने ठेवतात, सरळ करून पाठवतात.' मी स्पष्ट नको म्हटलं. मारून, कोंडून सरळ करणाऱ्या जागा मोटर बंद करत नाहीत, तिचा आवाज वाढवतात. कायदाही इथे कडक आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे अल्पवयीन मुलाला मानसिक आरोग्याच्या कोणत्याही संस्थेत भरती करणं हा अपवादच असायला हवा. त्यासाठी दोन तज्ज्ञांनी स्वतंत्र तपासणी करावी लागते, मुलाला प्रौढांपासून वेगळं ठेवावं लागतं, पालक किंवा त्यांनी नेमलेलं माणूस पूर्ण वेळ सोबत असावं लागतं आणि 72 तासांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवावं लागतं. जिथे 'भेटायला येऊ नका' सांगतात, तिथून मुलाला घेऊन बाहेर पडायचं.

बहुतेक मुलांना भरतीची गरजच नसते. इंदूरच्या एमवाय या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी आहे, बाणगंगेला सरकारी मानसिक चिकित्सालय आहे. बाणगंगा म्हटलं की अजूनही लोक आवाज खाली आणतात, पण साध्या चिठ्ठीवर तिथे तज्ज्ञ भेटतो. फोनवर बोलायचं तर टेली-मानस या सरकारी सेवेचा 14416 आहे. तो 2022 मध्ये सुरू झाला आणि दिवसरात्र चालतो. व्यसनासाठी 14446, आणि मूल घरातच असुरक्षित असेल तर 1098. मूल जगण्याला कंटाळल्याचं बोललं, वस्तू वाटू लागलं, तर 'नाटक' म्हणू नका. स्पष्ट विचारा, 'मरावंसं वाटतं का?' विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही, उलट कोणापाशी तरी बोलता येतं. त्या वेळी त्याला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. दारू, अफूच्या जातीची औषधं किंवा झोपेच्या गोळ्या रोज चालू असतील, तर त्याही एकदम घरी बंद करू नयेत, डॉक्टरच्या देखरेखीतच.

गुमटीचंही बोलायला हवं. शाळेच्या 100 यार्डांच्या आत तंबाखू विकायला 2003 च्या कायद्याने बंदी आहे. डॉक्टरच्या सांगण्याशिवाय मुलाला दारू, तंबाखू किंवा नशेचा पदार्थ देणाऱ्याला 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 77 खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. मात्र आपल्याकडे शिक्षा देणाऱ्याला होत नाही, घेणाऱ्याला होते: शाळा हातात टीसी ठेवते. रोजचं ठिकाण, मित्र, एखाद्या आवडत्या बाई, मुलाच्या आयुष्यातला भरवसा एका सहीने जातो, आणि उरते गुमटी.

घरी काय करायचं, तर सुरुवातीला फार थोडं. समोरासमोर बसवून उलटतपासणी घेऊ नका. या वयाची मुलं डोळ्याला डोळा भिडवून बोलत नाहीत, शेजारी शेजारी असताना बोलतात. स्कूटरवर, पोह्याच्या दुकानापाशी उभं राहून, भाजी निवडताना. झडती घेणं थांबवा, वेळ ठरवून द्या आणि ती मोडली तर ठरलेलं तेवढंच करा. जास्त नाही, कमी नाही. मोटर चालू असलेल्या मुलाला प्रेमापेक्षाही आधी लागतो तो अंदाज, की आज घरी गेल्यावर काय होणार आहे.

त्या घराने डॉक्टर गाठला. मुलाचा गांजा लगेच सुटला नाही. दोनदा सुटला आणि पुन्हा सुरू झाला, असं होतंच. चौथ्या की पाचव्या वेळी वडील एकटेच आत आले. मुलाला बाहेर बाकावर बसवलं होतं. खुर्चीवर या वेळी पाठ टेकवून बसले. म्हणाले, "मॅडम, ते दहा प्रश्न जरा पुन्हा सांगा ना." मी सांगत गेले. ते मांडीवर बोटं दुमडत गेले. चारला थांबले, मग आईच्या प्रश्नापाशी पाचवं दुमडलं आणि ती मूठ तशीच ठेवून बराच वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिले.

मग विचारलं, "त्याला आत बोलावू का?"